ट्रक, घोडा आणि अण्णांची पारख

आमच्या घरी ट्रक घ्यायचं ठरलं ते घोड्यामुळे, आणि फिसकटलं ते बैलांमुळे. आमच्याकडे बैल नाहीत. घोडासुद्धा आमचा नाही. आणि हे वाचून तुम्ही हसणार असाल तर आधीच सांगून ठेवते, माझा राग अजून गेलेला नाही!

घोड्याचं नाव बिस्किट. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबात, मुलगी जरा मोठी झाली की तिला एक तर पियानो लागतो नाही तर घोडा. आमच्या इराला घोडा लागला. शेजारच्या जोनआजींच्या नाती मोठ्या होऊन शहरात गेल्या होत्या आणि त्यांचं बुटकं तांबडं तट्टू कुरणात नुसतं चरत उभं होतं. जोनआजी म्हणाल्या, "इराला बसू दे त्याच्यावर. खाण्याचं तेवढं तुम्ही बघा." (खाण्याचं तेवढं! माझ्या लग्नात जेवढं खाणं झालं तेवढं ते तट्टू महिन्याला संपवतं.) महिन्यातून एकदा जोनआजी स्वतःच्या गाडीमागे घोडा न्यायचा चाकांचा डबा जोडून बिस्किटला आणि इराला पोनी क्लबला नेत, संध्याकाळी आणून सोडत. आम्ही त्यांना रव्याचे लाडू देत असू. अशी सगळी छान व्यवस्था होती.

मग जोनआजींनी समुद्राकाठी लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. घोडा ठेवून गेल्या, डबा ठेवून गेल्या, फक्त ओढणारी गाडी घेऊन गेल्या. आणि इकडे क्लबची वर्षाची स्पर्धा तोंडावर आलेली. इराने अख्खा हिवाळा कुडकुडत रंगीत दांड्यांवरून उड्या मारायचा सराव केला होता.

"मम, यू प्रॉमिस्ड," ती म्हणाली.

केलं होतं मी प्रॉमिस. आई आहे मी. आणि डबा ओढायला आमच्याकडे काय होतं, तर एक छोटी हॅचबॅक! तिच्या डिकीत तांदळाचं पोतं टाकलं तर तिचं नाक वर होतं.

"ही गाडी घोड्याला ओढणार नाही," नितीन म्हणाला. (नितीन म्हणजे माझा नवरा. युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, अकाउंटिंग शिकवतो आणि घरीही तसाच बोलतो.) "फार तर घोडा हिला ओढेल."

"मग आपण ट्रक घेऊ," मी म्हणाले.

ट्रक म्हणजे आपल्याकडचा विटा वाहणारा नव्हे. अमेरिकन पिकअप. पुढे पाच माणसांना ऐसपैस जागा, मागे उघडा हौदा, आणि बॉनेट एवढं उंच की समोर उभा माणूस दिसण्यासाठी तो माणूसही उंच असावा लागतो. इथले लोक साध्या पिकअपला यूट म्हणतात. हे प्रकरण म्हणजे यूटचा बाप. हौसेखातर नव्हे हो, गरजेखातर! टूवूंबात बस मिळायची म्हणजे नशीब लागतं, मी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, माझ्या शिफ्टच्या वेळा विचित्र. म्हणजे गाडी अशी हवी की सोमवारी हॉस्पिटलला नेता येईल, मंगळवारी भाजीला आणि रविवारी घोड्याला.

मी अभ्यास सुरू केला. जोनआजी नुसतं जायचं बोलत होत्या तेव्हापासून सुरू केला होता, खोटं कशाला बोलू. ओढायचा जोर म्हणजे टॉर्क, पेलोड, डबा अडकवायच्या टो बॉलवर येणारं वजन, सगळं मला तोंडपाठ झालं. टोपी घातलेले अमेरिकन पुरुष व्हिडिओत ट्रकला डोंगर चढवत असत आणि मी पोळ्या लाटता लाटता ते बघत असे. शेवटी दोन ट्रक उरले. एक काळा, पेट्रोलचा, आठ सिलिंडरवाला. एक पांढरा, डिझेलचा. कंपन्यांची नावं मी सांगणार नाही. दोन्ही कंपन्यांचे भक्त आहेत आणि त्यांना माझं घर सापडायला वेळ लागणार नाही.

"नितीन, पेट्रोल की डिझेल?" मी जेवताना विचारायची.

"आमटी वाढ," तो म्हणायचा.

मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणाला विषय काढला तर प्रत्येकाला मत! ज्यांनी जन्मात चाकाच्या सुटकेसशिवाय काही ओढलेलं नाही, ते मला सांगत होते, "मेधा, टोइंगला डिझेलच. डोळे मिटून घे."

अशात सांगलीकडून माझे सासरे आले. अण्णा. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला मागे राहिल्या होत्या, त्यामुळे अण्णांना आवरायला कोणी नव्हतं. अण्णांनी जन्मभर शेती केली आणि त्यांची ख्याती बैलांच्या पारखीची. नितीन अभिमानाने सांगतो की पंचक्रोशीत अण्णांना दाखवल्याशिवाय कुणी खोंड विकत घेत नसे. इथे आल्यावर त्यांना पारखायला काहीच नव्हतं. सकाळी अंगणात बसून शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे नापसंतीने बघायचे, बस्स.

"ओढायला" हा शब्द कानावर पडला आणि अण्णा ताठ बसले.

"काय वडायचंय?"

"घोडा," मी म्हणाले.

अण्णांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"घोडा सोताच वडतो की गं!"

इरा हसून हसून खुर्चीवरून पडली. मी त्यांना डबा, हुक, टॉर्क सगळं समजावलं. ते शेवटी एवढंच म्हणाले, "म्हंजे वडणारं जनावर बघायचंय. मग मी येतो."

काळा ट्रक गावातल्या एका प्लंबरचा होता. त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "नो वरीज, तासभर फिरवून आण." (आपल्याकडे माणूस शेजाऱ्याला सायकल देताना घंटी काढून ठेवतो!) अण्णांना वर चढवायला मी घरून देवपूजेचा चौरंग आणला होता. चौरंगावर पाय ठेवून अण्णा ट्रकमध्ये विराजमान झाले आणि वरून त्यांनी टूवूंबावर नजर टाकली.

"रोजच्या वापराची चाचणी घेऊ," मी म्हणाले. "मॉलला जाऊ."

मॉलच्या पार्किंगच्या तोंडाशी उंच गाड्या अडवायला साखळ्यांनी एक पिवळी दांडी लटकवलेली असते. आमच्या हॅचबॅकमधून मला ती दांडी कधी दिसलीच नव्हती. त्या दिवशी दिसली. थेट काचेसमोर, डोळ्यांच्या पातळीवर. आणि मग 'टांग' असा देवळातल्यासारखा आवाज झाला.

"कसली घंटा?" अण्णांनी विचारलं.

पुढे जाता येईना. मागे पाच गाड्या. मी रिव्हर्स टाकला तर डॅशबोर्डच्या स्क्रीनवर चार कॅमेऱ्यांनी चार बाजूंनी मला माझी फजिती दाखवली. मागच्या गाडीतल्या बाई खाली उतरून खिडकीशी आल्या. खिडकी एवढी उंच की मला फक्त त्यांचे केस दिसत होते.

"यू राइट, लव?" केस म्हणाले.

"आय ॲम फाइन!" मी ओरडले.

फाइन कसली! त्या पाचही गाड्या एकेक करून मागे सरकल्या. एकानेही हॉर्न वाजवला नाही. एकाने तर हसून हात केला. मला इतका संताप आला! शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दोन देऊन मोकळी झाले असते. त्या हसण्याचं काय करायचं असतं हे मला अजून कळलेलं नाही. आम्ही काळा ट्रक परत केला आणि घरी आल्यावर मी जाहीर केलं की पेट्रोल फार खातो.

उरला पांढरा. तो शहराबाहेर एका शेतावर होता, ट्रेव्ह नावाच्या शेतकऱ्याकडे. स्पर्धा पुढच्या रविवारी. म्हणजे हा हातचा गेला तर बिस्किट कुरणात आणि इरा उशीत तोंड खुपसून, एवढं स्पष्ट होतं. शनिवारी आम्ही चौघं हॅचबॅकमध्ये बसून निघालो. वाटेत अण्णांनी नियम सांगितला.

"एक ध्यानात ठेवा. मालकापुढं जनावराला चांगलं म्हनायचं न्हाई. चांगलं म्हटलं की मालक चढला. वाईट तोंड करून हुबं ऱ्हायचं आन् नावं ठिवायची. सगळ्यांनी."

"अण्णा, तो ट्रक आहे," नितीन म्हणाला.

"वडतोय न्हवं? मग झालं."

आता कबूल करते, मला ते पटलं! व्हिडिओतले टोपीवाले तरी वेगळं काय सांगत होते? घेणाऱ्याने भावना दाखवू नये, हेच ना?

ट्रेव्हने ट्रक आमच्यासाठी धुऊन पुसून अंगणात उभा केला होता. बॉनेटवर अजून पाण्याचे थेंब चमकत होते. त्याची बायको बेव्ह व्हरांड्यात चहाचा मग घेऊन बसली होती. आम्ही उतरलो तर ट्रेव्हच आम्हाला प्रश्न विचारू लागला. ही रात्री उघड्यावर राहणार की छपराखाली? आठवड्याला धुणार कोण? ऑइल वेळच्या वेळी बदलणार ना? मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीचा बाप असतो तसा तो टोपी हातात धरून उभा होता.

"शी'ज अ गुड गर्ल," तो ट्रकच्या दरवाजावर हात फिरवत म्हणाला. "चांगल्या घरी जावी एवढीच इच्छा आहे."

अण्णा ट्रकभोवती फिरू लागले. हात मागे बांधून, मान तिरकी करून. समोर वाकून त्यांनी जाळीच्या उभ्या पट्ट्या दात मोजावेत तशा निरखल्या. चाकाला लाथ घातली. मागे जाऊन पुठ्ठ्यावर थाप मारली आणि कान लावून ऐकलं. डाव्या दारावर एक बारीकसा पोचा होता, तिथे बोट ठेवून ते गंभीर झाले.

"अपशकुनी भोवरा हाय. नवराबायकोत भांडणं लावणार ह्यो. आन् खूरबी पसरल्यात."

"वॉट्स ग्रँडपा सेइंग, स्वीटी?" ट्रेव्हने इराला विचारलं.

आमची मुलगी मराठीत काही विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, आमच्यासाठी कधी एक वाक्य भाषांतर करत नाही. त्या दिवशी केलं!

"ही सेज हर फीट आर टू फ्लॅट," ती म्हणाली. "अँड शी विल मेक मम अँड डॅड फाइट."

ट्रेव्हचा चेहरा उतरला. मी नितीनला कोपराने ढोसलं. त्याने घसा खाकरला. "कलर... पांढरा आहे. मळेल." अकाउंटिंगवाल्याची झेप! मग मीच पुढे झाले आणि म्हणाले, "खरं सांगायचं तर आमच्या डोक्यात जरा मोठा होता."

"मोठा?" ट्रेव्ह म्हणाला. त्याने ट्रकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मीही बघितलं. त्या ट्रकची सावली बेव्हच्या भाजीच्या वाफ्यापर्यंत गेली होती.

तरी बिचाऱ्याने ओढायची चाचणी देऊ केली. मेंढ्या न्यायचा रिकामा ट्रेलर मागे जोडला आणि मला शेताच्या वाटेवर ट्रक चालवायला दिला. काय सांगू! मागे काही जोडलंय हे कळतसुद्धा नव्हतं. चढ आला तरी आवाज तोच, ब्रेक लावला तरी धक्का नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शेजारी बसलेल्या ट्रेव्हने आशेने विचारलं, "वेल?" मी जीभ चावली आणि म्हणाले, "ठीक आहे."

फाटकापाशी आल्यावर तो म्हणाला, "आता मागे घेऊन बघ."

ट्रेलर मागे घ्यायचं तंत्र मला येतं. व्हिडिओत मी ते किती वेळा बघितलंय! हात स्टीअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलर जिकडे जायला हवा तिकडे हात न्यायचा. अगदी सोपं आहे. पण कुणी स्वस्थपणे करू देईल तर ना! ट्रेव्ह उतरून मागे उभा राहिला. डावीकडे नितीन, उजवीकडे अण्णा. आणि दोघंही सुरू झाले, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

"डावीकडं घे!" अण्णा ओरडले.

"तुमचं डावं की माझं डावं?" मी ओरडले.

"येऊ दे, येऊ दे..."

"उजवीकडे! मेधा, उजवीकडे!" हा नितीन. तो माझ्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचं उजवं माझं डावं, पण तो युनीत शिकवतो, म्हणजे त्याने माझ्या बाजूने विचार करून सांगितलं असणार, म्हणून मी उलटाचं उलट धरलं. ट्रेलर वळला. मग ट्रकही वळला. मग दोघं एकमेकांकडे बघू लागले.

"येऊ दे, येऊ दे... आरं बस्स!"

'बस्स' शेवटी आलं. ठण्णकन आवाज आधी झाला. फाटकाशी एका खांबावर दुधाची जुनी किटली आडवी बसवून केलेली पत्रपेटी होती. आता ती खांबावर राहिली नव्हती.

"दॅट्स द लेटरबॉक्स, लव," बेव्ह व्हरांड्यातून म्हणाली आणि चहाचा घोट घेतला.

आता मला सांगा, फाटकाच्या तोंडाशी कोणी पत्रपेटी ठेवतं का? (ठेवतात. अख्खा ऑस्ट्रेलिया ठेवतो. नितीनने मला लगेच सांगितलं.)

मी खाली उतरले तोवर अण्णांनी सूत्रं हातात घेतली होती. "आता तू गप ऱ्हा पोरी. आता सौदा हाय." आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. चारचौघांनी ऐकलं की सौदा मोडतो. दोघांनी हातात हात द्यायचा, वरून टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. त्या दिवशी देणाऱ्यालाही काही कळलं नाही, हे दुर्दैव. ट्रेव्ह आपल्या चेपलेल्या किटलीकडे बघत उभा होता. अण्णांनी त्याचा हात हातात घेतला आणि वरून टॉवेल टाकला. ट्रेव्हने गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"इट्स अवर ट्रॅडिशन," मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. ट्रेव्हने दुसऱ्या हाताने टोपी काढली, मान खाली घातली आणि डोळे मिटले. प्रार्थना समजला तो! व्हरांड्यात बेव्ह चहाचा मग खाली ठेवून उभी राहिली आणि तिनेही मान झुकवली. शिष्टाचार म्हणून नितीननेही झुकवली! टॉवेलखाली अण्णांनी तीन बोटं दाबली. म्हाताऱ्याला धीर हवाय असं वाटून ट्रेव्हने अख्खा पंजा घट्ट दाबला.

"पाच म्हनतोय!" अण्णा माझ्याकडे वळून कुजबुजले. "गडी तयार हाय."

त्यांनी चार बोटं दाबली. ट्रेव्हने दुसरा हात वरून ठेवून हळूच थोपटलं.

"ठरलं! चार!"

"अण्णा, चार काय?" नितीनने मान झुकवूनच विचारलं. "चार कशाचे?"

"चार म्हंजे चार!"

त्या ट्रकच्या किमतीचा अंदाज असलेली आमच्यात मी एकटीच होते. चार कशाचेही धरले तरी तेवढ्यात एखादं चाक आलं असतं. पण मला तोंड उघडायची संधी मिळाली का? सौदा ठरला की जनावराच्या कपाळाला गुलाल लावायचा असतो! अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली (आमच्या देव्हाऱ्यातली, मला न विचारता घेतलेली), मूठभर गुलाल त्या पांढऱ्या शुभ्र, ओल्या बॉनेटवर उधळला, कपाळापासून नाकापर्यंत दोन्ही हातांनी चोळला आणि पुठ्ठ्यावर थाप मारून म्हणाले, "चल राजा!"

ट्रेव्हने डोळे उघडले.

ट्रकच्या तोंडावरून गुलाबी ओघळ बंपरवर येत होते. लांब एक मेंढी ओरडली.

"आय वॉन्ट टू गो होम," इरा म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता आणि त्या क्षणी मला ट्रक, टॉर्क, सगळं विसरायला झालं. पोरीने सगळा हिवाळा त्या दांड्यांवरून उड्या मारल्या होत्या. आणि तिच्या घरच्यांनी तिला मदत म्हणून काय केलं होतं, तर एका सज्जन माणसाची पत्रपेटी मोडली, त्याच्या लाडक्या ट्रकला सपाट पायांची म्हटलं आणि वरून रंगपंचमी खेळली!

मी ट्रेव्हसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. बैल, टॉवेल, चार, गुलाल. आम्ही नावं ठेवली ती आवडला म्हणूनच ठेवली, आमच्याकडे तशी पद्धत आहे.

"म्हणजे तुला ती आवडली?" ट्रेव्हने विचारलं.

"आवडली?" झालं. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं. मी त्याला सांगितलं की चढावर ती कशी दमत नाही, ब्रेक कसा लोण्यासारखा लागतो, एवढा ट्रेलर मागे असून पुढची चाकं कशी जमीन सोडत नाहीत. सीट सांगितली, आरसे सांगितले, इंजिनाचा आवाज काढून दाखवला. एवढा ट्रक एवढ्या प्रेमाने कुणी सांभाळलेला मी बघितला नाही, असंही म्हणाले. बोलता बोलता मला भरून आलं. ट्रेव्हलाही भरून आलं. त्याने ट्रकच्या गुलाबी नाकावर हात ठेवला.

"यू नो वॉट, यू'आर राइट," तो म्हणाला. "शी'ज अ ब्लडी गुड ट्रक. हिला मी विकतोय कशाला?"

आणि त्याने किल्ली खिशात घातली!

"सांगितलं हुतं," अण्णा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पण माझ्याहून जास्त संतापलेली एक बाई तिथे निघाली. बेव्ह व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून आली. "ट्रेव्हर!" ती कडाडली. तो ट्रक जाईल आणि आपल्याला गाडी लावायला छप्पर मिळेल म्हणून ती किती दिवस वाट बघत होती, हे तिने त्याला आमच्यासमोर ऐकवलं. मग इराच्या डोळ्यांकडे तिचं लक्ष गेलं. "काय झालं गं?" इराने बिस्किट, दांड्या, रविवार, सगळं तिला हुंदके देत सांगितलं.

बेव्हने निकाल दिला. ट्रक ठेवायचाय ना? मग त्याने काम करायचं. रविवारी ट्रेव्ह या पोरीचं तट्टू ओढणार, आणि पुढेही दर महिन्याला.

"फक्त," ट्रेव्ह माझी नजर चुकवत म्हणाला, "चालवणार मी."

रविवारी सकाळी ट्रेव्ह आला. ट्रक किती वेळा धुतला होता देव जाणे, पण बॉनेटवर गुलाबी छटा राहिलीच होती. बिस्किट डब्यात चढलं. ट्रेव्हच्या शेजारी अण्णा बसले, मागे इरा आणि नितीन. पाचवी जागा रिकामी होती, मी तिच्याकडे पाय उचलला तर ट्रेव्ह फार अदबीने म्हणाला, "तू तुझ्या गाडीतून आलीस तर बरं. सामान खूप आहे." म्हणून ट्रकचा अख्खा हिवाळा अभ्यास केलेली बाई हॅचबॅकमध्ये गवताचा गठ्ठा, खोगीर, लिदीची बादली आणि पाच जणांच्या पुऱ्या-भाजीचा डबा घेऊन त्या डब्याच्या मागे मागे गेली. सगळ्या रस्त्याने मला बिस्किटची शेपटी दिसत होती.

इरा तिसरी आली. (तिच्या गटात चौघीच होत्या, पण ते तिला कोणी सांगू नका.) फीत छातीवर लावून ती अण्णांच्या गळ्यात पडली, ट्रेव्हच्या गळ्यात पडली, शेवटी माझ्याही पडली. माझा सगळा राग त्या मिनिटाला उतरला. पुढच्या मिनिटाला परत चढला, कारण माझी हॅचबॅक क्लबच्या कुरणातल्या चिखलात रुतली होती.

ट्रेव्हने डबा सोडला, ट्रक उलटा आणून माझ्या गाडीला पट्टा बांधला. आजूबाजूचे आईबाप ब्रेडमध्ये सॉसेज गुंडाळून खात खात बघायला जमले. "न्यूट्रलमध्ये टाक, सरळ धर, बाकी काहीही करू नकोस," ट्रेव्ह म्हणाला. बाकी काहीही करू नकोस! हे वाक्य नितीनने मराठीत आणि इराने परत इंग्रजीत मला सांगितलं. मी काचा वर केल्या.

ट्रक निघाला. गाडी हलली, पण फार जड हलली. कुठून तरी जळका वास यायला लागला. मला वाटलं, बघा, हाच तो टॉर्क! एवढीशी गाडी ओढताना दमला! बरं झालं घेतला नाही. मी तुच्छतेने हॉर्नसुद्धा वाजवला. पलीकडच्या कोरड्या जमिनीवर आल्यावर ट्रेव्ह थांबला, खाली उतरला, माझ्या दाराशी आला आणि वाकून माझ्या दोन सीटच्या मधोमध बोट दाखवलं.

हँडब्रेक ओढलेला होता.

मी मागे वळून पाहिलं. कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरव्या गवतात दोन काळेभोर, खोल, सरळ पट्टे उमटले होते. माणसं खाणं थांबवून बघत होती. अण्णा मात्र कुळवलेल्या रानातून चालावं तसे त्या पट्ट्यांवरून चालत आले. वाकून त्यांनी माती हातात घेतली, चुरगळली, आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"झकास वडतोय गडी!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पर एक हाय. कुळव असा खोल जायला वर कायतरी जड बसवावं लागतंय. सूनबाई बसल्या हुत्या म्हनून जमलं."

अख्ख्या हिवाळ्यात मी घोड्याचं वजन काढलं, डब्याचं काढलं, गवताच्या गठ्ठ्याचंसुद्धा काढलं. हे एक राहूनच गेलं होतं.